पडद्यावरची दोन नावं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच पाटी लावली आणि ती दारावर नव्हती. लॅपटॉप सुरू केला की कंपनीचं ढगांचं चित्र यायचं. ते काढून त्याने त्या जागी आमची दोघांची नावं बसवली होती. यंत्राची कुरकुर संपून काम सुरू होईपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, ती नावं पडद्यावर असायची. तो गेल्यावर त्या अर्ध्या मिनिटावरून मी माझ्या थोरल्या दिरांशी वर्षभर भांडले. भांडले म्हणजे आवाज चढवला नाही. तो मला चढवता येत नाही. कल्याणच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते आणि दिवसभर मुलांना हळू बोला म्हणून सांगताना माझाच आवाज कायमचा खाली बसला. पण 'नाही' हा शब्द हळूही म्हणता येतो, आणि पुन्हा पुन्हा म्हणता येतो.

दारावर पाटी का नव्हती, ते आधी सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात आमचं लग्न झालं आणि आम्ही डोंबिवलीत भाड्याची खोली शोधू लागलो. दोन ठिकाणी आडनाव विचारलं गेलं आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं घरमालकांना आठवलं. तिसरे मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीही आडनाव विचारलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि खोली दिली. माणूस वाईट नव्हता. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांनी मला त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचायला न्यायची परवानगीही दिली. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी नवरा हातोडी आणि खिळा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ते जिना चढून वर आले.

"काय ठोकताय?"

"पाटी लावतोय, काका. नावाची."

"अहो, पाटीचं काय एवढं? पोस्टमन मला ओळखतो. तुमची पत्रं माझ्या नावावर मागवा. मी स्वतः वर आणून देईन."

"तुम्हाला कशाला जिने चढायला लावू?"

"जिने मी चढतोच. आणि भिंतीला भोक पडायचं वाचेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझं काही नाही हो. पण बिल्डिंगमध्ये चार तऱ्हेची माणसं असतात."

नवऱ्याने खिळा खिशात टाकला. "त्या चारांतली तुमची तऱ्हा कुठली, काका?"

काका हसले. त्यांना हसावंच लागलं. पाटी लागली नाही.

पुढची काही वर्षं माझी सगळी पत्रं 'द्वारा' त्यांचं नाव अशी आली. नोकरीचं नेमणूकपत्रसुद्धा. ते पत्र त्यांनी वर आणून दिलं, तोंडभर अभिनंदन केलं आणि मी त्यांना साखर दिली. नंतर आम्ही आणखी दोन घरं बदलली. शेवटचं कळव्याला, खाडीच्या अलीकडे. तिथले मालक म्हणाले, अकरा महिन्यांचा करार, पाटी कशाला लावता, उद्या काढावी लागेल. त्यांच्या मनात तेच होतं की खरंच नुसता करार होता, ते आम्हाला कधी कळलं नाही. ते कळत नाही हाच त्या गोष्टीचा त्रास. उघड नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं.

नवरा ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर आणि दोन-तीन टोकदार पेन्सिली यांवर त्याची नोकरी चालायची. नव्वदीच्या मध्याला त्यांच्या ऑफिसातून ड्रॉइंग बोर्ड हलवायला सुरुवात झाली आणि जागोजागी कॉम्प्युटर आले. आपण मागे राहू नये म्हणून त्याने कोपरीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने जुना लॅपटॉप घेतला. काळा, जाडजूड, मांडीवर ठेवला तर पाय झोपतील इतका जड. त्याची बॅटरी आमच्याकडे येण्याआधीच मेलेली होती, त्यामुळे तो सदैव प्लगला बांधलेला. माउसच्या जागी बोटाने फिरवायची एक गोटी होती.

पहिल्या दिवशी त्याने तो सुरू केला. ढग आले, कंपनीचं नाव आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "विकत मी घेतला, वीज माझी, आणि चालू केला की नाव यांचं. हा पण घरमालकच निघाला."

"मग याला काय करणार? खिळा ठोकणार?"

"बघू ना."

कोपरीच्या सहकाऱ्याने त्याला सांगितलं की ते चित्र म्हणजे यंत्राच्या आत लपवलेली एक फाइल असते. त्याच मापाचं आपलं चित्र काढायचं, तेच नाव द्यायचं आणि तिच्या जागी ठेवायचं, की यंत्र बिनतक्रार आपलं चित्र दाखवतं. अडचण मापाची होती. चित्र तीनशेवीस ठिपके रुंद आणि चारशे ठिपके उंच लागायचं, आणि पडद्यावर दाखवताना यंत्र ते आडवं ताणून दुप्पट रुंद करायचं. म्हणजे जे काही काढायचं ते निम्म्या रुंदीचं काढायचं. नीट प्रमाणात काढलं तर दिसताना फुगलेलं दिसणार.

दुसऱ्या कुणाला हा वैताग वाटला असता. त्याला आवडला. त्याने आलेख कागद आणला आणि एक चौकोन म्हणजे एक ठिपका असं धरून अक्षरं आखली. त्या यंत्रात मराठी टाइप करायची सोयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढायचं होतं. वर माझं नाव, खाली त्याचं, दोन्ही आडनावासकट. मी कागद बघितला तर सगळी अक्षरं काडीसारखी उभी.

"अरे, ही कसली अक्षरं? दुष्काळातून आल्यासारखी."

"थांब. जेवली की भरतील."

"आणि माझं नाव वर का?"

"दार वाजवणाऱ्याने आधी तुला विचारावं. मी कुठे घरी असतो?"

तो रविवार आणि पुढचा रविवार त्याने गोटी फिरवत कागदावरचे चौकोन पडद्यावर उतरवले. मग यंत्र बंद करून सुरू केलं. ढग आले नाहीत. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं आली, आणि खरंच भरलेली होती. सरळ शिरोरेषा, मात्रा जागच्या जागी, कुठेही घाई नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो लिहायचा तसंच अक्षर. दोन नावं आणि मोठं, स्पष्ट आडनाव. नवरा खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "काढ म्हणावं आता कुणाला काढायची तर." पुढे कुणी घरी आलं की तो काहीतरी निमित्त काढून लॅपटॉप बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

दोन वर्षांनी तो आजारी पडला. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. तो बारीक होत गेला. आधी शर्ट सैल झाले, मग घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरू लागलं, मग ते त्याने काढून ठेवलं. पावसाळ्यानंतर गेला.

आमचं कुटुंब बौद्ध. भन्ते आले, जलदान विधी झाला, माणसं येऊन गेली. सगळं थोरल्या दिरांनी केलं. ते कल्याणला राहायचे. नोकरी सांभाळून विहाराच्या कमिटीचं काम बघायचे आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या पत्रिकांचे मजकूर त्यांच्या हातचे असायचे. सासरे लवकर गेले होते. नवऱ्याला बाराखडीपासून सगळं यांनीच शिकवलं होतं. मी त्यांना दादा म्हणायची. त्यांच्याविषयी वाईट बोलायला मी हे लिहीत नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. त्या शब्दाशी माझं वैर नाही, उलट तो मला आवडतो. इतरांचे स्वर्ग आणि कैलास नको म्हणून आमच्या माणसांनी विचार करून घेतलेला तो शब्द आहे. दादांना तर त्याचा फार अभिमान. नवरा गेल्यावर महिनाभरात त्यांनी तो सगळीकडे लावला. भिंतीवरच्या फोटोखाली लावला. पुस्तकांच्या पहिल्या पानावर नवऱ्याची सही होती, तिच्याआधीही बारीक अक्षरात लिहिला. तिथवर मी चालू दिलं. मग एकदा काही कागदपत्रं बघायला ते आले, मी लॅपटॉप सुरू केला आणि नावं आली.

"हे अजून असंच?" दादा म्हणाले.

"असंच म्हणजे?"

"अगं, आधी शब्द लागला पाहिजे ना."

"दादा, ही पत्रिका नाही. पाटी आहे."

"पाटी असली म्हणून काय? गेलेल्या माणसाला गेलेला म्हणायचं नाही, तर काय घरी आहे म्हणायचं?"

"हो," मी म्हटलं.

"शिकलेली बाई तू. लोक येतील, बघतील. म्हणतील, हिला अजून उमज पडली नाही."

"उमज पडलीये. तरी नाही लावणार."

मला ते त्यांना नीट समजावून सांगता आलं नाही. आता सांगते. फोटोखाली तो शब्द शोभतो, कारण फोटो गेलेल्याचाच लावतात. पण या पाटीवर नवरा राहणारा म्हणून होता. एवढ्या वर्षांत राहणारा म्हणून त्याचं नाव ह्या एकाच ठिकाणी लागलं होतं आणि तेही त्याने स्वतः लावलेलं. तिथून त्याला 'होता' करून बाहेर काढायचं काम मी करणार नव्हते. दादा आले की विषय निघायचा आणि मी नाही म्हणायची. ते कधी समजुतीने बोलायचे, कधी टोमणा मारायचे. "आमच्या ग्रंथपालबाईंनी मरण रद्द केलंय," असं एकदा चारचौघांत म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि नाहीच म्हणाले.

घराची एक किल्ली दादांकडे असायची. नवऱ्याच्या आजारपणात ती सोयीची होती, नंतर परत मागायचं माझ्या मनात आलं नाही. एका गुरुवारी मी शाळेतून आले तर टेबलावर लॅपटॉप नव्हता. अर्ध्या तासाने दादा तो कापडी पिशवीत घालून घेऊन आले. टेबलावर ठेवला. बसले नाहीत.

"कुठे नेला होतात?"

"स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. म्हटलं, तुला जमत नसेल सांगायला, आपण करून आणू. एक शब्द तर टाकायचा."

मी प्लग लावून यंत्र सुरू केलं. ढग आले.

ते ढग मी तीन वर्षांनी बघत होते. कंपनीचं नाव, खाली पळणारी पट्टी. मी यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. ढगच.

"त्याचं अक्षर होतं ते, दादा."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मीच गिरवून घेतलं होतं त्याच्याकडून." मग पिशवीची घडी घालत उभे राहिले. घडी झाल्यावर ती उलगडून पुन्हा घातली. मी चहा विचारला नाही. ते गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या क्लासमध्ये गेले. चालवणारा गृहस्थ भरभर बोलणारा होता.

"मॅडम, काका आलेले ना, म्हणाले नावाच्या आधी एक शब्द टाका. म्हटलं दोन मिनिटांचं काम. पण ते नाव कुठल्या फाइलमध्येच सापडेना. मला वाटलं व्हायरस आहे. असं स्वतःचं नाव तिथे कोण टाकतं?"

"मग?"

"मग दोन-चार फाइली उडवून बघितल्या, तर मशीन चालूच होईना. शेवटी फॉरमॅट मारला. आता बघा, एकदम नव्यासारखं झालंय."

"जुनं परत येईल?"

"फॉरमॅट म्हणजे गेलं ना, मॅडम." माझा चेहरा बघून तो थोडा ओशाळला. "टेन्शन नका घेऊ. मी दुसरं करून देतो, झकास. त्यांचा फोटो आहे ना? स्कॅन करू. वरून हार सोडू."

"हार नको."

"मग खाली पणती? हलल्यासारखी दाखवता येते."

"काही नको. ते कसं ठेवतात, एवढंच मला शिकवा."

"तुम्ही करणार?"

"हो."

त्याने शिकवलं, हे मान्य करायला हवं. माप किती, रंग किती, फाइलला नाव काय द्यायचं, लपलेल्या फाइली कशा दाखवायच्या, सगळं माझ्या वहीत लिहून दिलं. दारापर्यंत येऊन म्हणाला, "आणि मॅडम, बारीक काढायचं हां. मशीन फुगवतं."

"माहीत आहे."

नवऱ्याचा आलेख कागद माझ्याजवळ होता. त्याच्या ड्रॉइंगच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला. म्हणजे काहीच हरवलं नव्हतं असंही म्हणता आलं असतं. चौकोन मोजायचे आणि पडद्यावर उतरवायचे. मी रविवारी सकाळी बसले. मला ती गोटी नीट फिरवता येत नव्हती. एक रेघ तीनदा पुसावी लागायची. पहिल्या दिवशी माझ्या नावाचं एक अक्षर झालं. माझं नाव पुरं व्हायला तीन रविवार लागले. कागदावर जसं होतं तसं, काडीसारखं.

मग त्याचं नाव सुरू केलं. पहिल्या अक्षराचा दांडा काढला, चार चौकोन रुंद, बरोब्बर कागदाप्रमाणे. पुढची गोलाई काढली, तीही चिंचोळी. आणि मला पुढे जाता येईना. हे अक्षर पडद्यावर भरलेलं दिसणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. नवऱ्यानेच दाखवलं होतं. पण ते दिसेल नंतर. आत्ता माझ्या हातांना ते बारीक करावं लागत होतं, एकेक चौकोन कमी करत. त्याला असा कमी होताना मी वर्षभर पाहिला होता. भात कालवून भरवताना, अंगातला सदरा बदलताना, हाताला धरून उठवताना. पुन्हा तेच मी माझ्या हाताने करणार नव्हते.

मी ते अक्षर पुसलं आणि धड काढलं. रुंद, जसं माणूस लिहितो तसं. मग दुसरं, तिसरं, आणि आडनाव. जागा कमी पडू लागली तेव्हा अक्षरं एकमेकांजवळ सरकवली, पण बारीक केली नाहीत. शिरोरेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. फाइल जागेवर ठेवली, यंत्र बंद करून सुरू केलं.

वर माझं नाव आलं, बेताचं, नीटनेटकं. खाली नवऱ्याचं नाव आलं ते धष्टपुष्ट, पडद्याच्या दोन्ही कडांना खांदे टेकवून. अक्षर त्याच्यासारखं सुबक नव्हतं. गोलाईला पायऱ्या पडल्या होत्या. कुणी बघितलं असतं तर चुकलंय म्हणाला असता. मी दोनदा बंद करून पुन्हा सुरू केलं आणि तसंच ठेवलं.

दादा त्या गुरुवारनंतर बरेच दिवस आले नाहीत. आले ते पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रिका घेऊन. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खिशातली किल्ली त्याच्या शेजारी ठेवली. मी किल्ली उचलून कपाटात टाकली. पत्रिका वाचली. नावाआधी शब्द होता, छपाई स्वच्छ होती, तसं मी त्यांना सांगितलं.

"पत्रिकेत चालतो ना तुला?"

"पत्रिका तुम्ही काढलीत. तुमचा भाऊ आहे."

कुणाकुणाला पाठवायच्या त्याची यादी करायची होती. मी लॅपटॉप सुरू केला. मुद्दाम केला हे खरं. यादी वहीतही करता आली असती. नावं आली तेव्हा दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी बघितलं. मी त्यांच्याकडे वळले नाही, पण काय बोलायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं.

ते यंत्र जुनं झालं होतं, मध्येच अडकून बसायचं. दहा-बारा नावं लिहून झाली आणि अडकलं. बंद करून सुरू केलं, पुन्हा ती पाटी, पुन्हा अर्धा मिनिट. कल्याणचे नातेवाईक संपून मुंबईचे सुरू झाले तेव्हा पुन्हा अडकलं. या वेळी दादा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ गेले, मुलांच्या वह्या तपासायला वाकतात तसे.

"तुझं हे वर एवढंसं आणि त्याचं हे एवढं?"

"हो."

"प्रमाण चुकलंय."

"चुकू दे."

त्यांनी बोटाने पडद्यापासून थोड्या अंतरावरून शिरोरेषेवर रेघ ओढली, काच न शिवता. त्या शब्दाबद्दल आता बोलतील म्हणून मी वाट बघत होते.

"उजवीकडे सरकल्यासारखं वाटतंय त्याचं नाव," ते म्हणाले. "जरा मधोमध घे."

"मधोमधच आहे, दादा. दोन्हीकडे जागा संपलीये."